एकवीस रविवार आणि खंड्याचं पोट

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला जमायचं नाही. फक्त एवढं करा, तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागे एकदा हा किस्सा सांगताना शेजारच्या हिराबाईच्या नाकातून चहा बाहेर आला होता आणि ती मलाच शिव्या देत घरी गेली होती.

एकोणीसशे साठ-एकसष्टची गोष्ट. आम्ही तेव्हा उरणला राहायचो. आमचे हे मिठागराच्या कचेरीत कारकून. घरात आम्ही दोघं आणि तिसरा खंड्या.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. पण नुसता कुत्रा म्हणू नका हं! चंपाषष्ठीच्या दिवशी भरीत-रोडग्याचं ताट घेऊन मी दारात आले, तर पायरीवर हे एवढंसं तांबूस पिल्लू. त्या दिवशी खंडोबाच्या कुत्र्याला घास घालतात, ही आमच्या घरची रीत. घास घालायला मी कुत्रं शोधत निघाले होते, आणि कुत्रंच दारात! आमचं कुलदैवत खंडोबा. मग हे पिल्लू कोणी पाठवलं, ते मला कोणी सांगायची गरज होती का?

मी पहिल्यापासून व्रतवैकल्यांची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं यथासांग. हे म्हणायचे, "तुला जेवायला बोलवायचं तर आधी पंचांग बघावं लागतं." म्हणोत बापडे.

तर त्या वर्षी माझे गुडघे सुजले. कसे? भोपळ्यासारखे! पूजेला बसलं की उठवायला हे लागायचे, आणि हे कचेरीत गेले की मी देवासमोरच. एका रविवारी कशीबशी खंडोबाच्या देवळात गेले आणि मनातल्या मनात नवस बोलले. "देवा, एकवीस रविवार अनवाणी येईन. कुठल्याही औषधाला तोंड लावणार नाही, फक्त तुझा भंडारा गुडघ्याला लावीन. रोज पानातला पहिला घास तुझ्या कुत्र्याला घालीन. मला चालती कर."

आणि आईनं लहानपणीच शिकवलेलं, नवस पुरा होईपर्यंत कुणाजवळ बोलायचा नाही. बोललं की गेलं फळ. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

एवढं सगळं ठरवून घरी येते, तर हे ओटीवर हसत बसलेले. हातात पुडी!

"अगं, आपल्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्यात. परदेशात निघाल्यात म्हणे. सुजेवर रामबाण! सकाळ-संध्याकाळ जेवताना एकेक घ्यायची. एकही चुकवायची नाही, असं बजावलंय."

नवस बोलून अर्धा तास झाला नव्हता हो. सांगावं तर नवस मोडतो. न सांगावं तर गोळी गिळावी लागते आणि तरी नवस मोडतो. खोटं बोलावं? नवसाच्या काळात खोटं? छे छे!

पानावर बसले. हे समोर. गोळी पाटाशी. माझ्या डावीकडे, रोजच्या जागी, खंड्या. मी पोळीचा पहिला घास मोडला, भाजीत बुडवला, आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, हे ताकाची वाटी उचलतायत तेवढ्यात गोळी घासात दडपली आणि घास खंड्याला घातला.

गट्ट!

"घेतलीस गोळी?"

"पोटात गेली हो," मी म्हटलं.

आता तुम्हीच सांगा, यात खोटं काय होतं? पोट कुणाचं, ते यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला तर वाटलं, देवानंच वाट दाखवली! नवस शाबूत, यांचा शब्द शाबूत आणि खंड्याला पहिला घास. माणसाची एवढीशी गोळी, खंडोबाच्या कुत्र्याला ती काय करणार? खडीसाखरेचा खडा मोठा असतो तिच्यापेक्षा.

असा सकाळ-संध्याकाळ क्रम सुरू झाला.

महिन्यानं डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून पाहिले. सूज तशीच. त्यांचं कपाळ आक्रसलं.

"वहिनी, गोळ्या चुकल्या का?"

"एकही चुकली नाही हो!"

"मग कमी पडतायत. दुप्पट करू."

झाली दुप्पट! खंड्याला काय, दोनाचे चार घास. शेपूट हलवून हलवून तुटायची बाकी राहिली.

नवव्या रविवारी मात्र नवल झालं. देवळातून परत येताना कठड्याला न धरता मी पायरी चढले! दहाव्याला फुगडी घालावीशी वाटली. डॉक्टर बघायला आले ते हरखूनच गेले.

"बघितलंत? गोळीचा गुण! वहिनी, भूक वाढली असेल नाही?"

"पिठाचा डबा निम्म्या दिवसांत संपतो हो," मी म्हटलं. खरंच होतं ते. खंड्या दहा दहा भाकऱ्या खात होता.

"तहान?"

"विचारू नका! पाण्याचं भांडं दिवसातून पाच वेळा भरावं लागतं."

"अगदी पुस्तकातल्यासारखं!" डॉक्टर खूश. "तोंड गोल व्हायला हवं होतं, ते काही दिसत नाही. पण प्रकृती प्रकृतीचा फरक. गोळ्या चालू राहू द्यात, बंद करायच्या नाहीत."

आणि मग त्यांनी काय करावं? दवाखान्यात कुणी गुडघेदुखीचं आलं की त्याला माझ्याकडे पाठवायला लागले! "त्या वहिनींना बघून या." रोज दोन-तीन माणसं अंगणात. मी चालून दाखवायची. कुणी विचारलं, कशानं बरं वाटलं, तर मी हात जोडून म्हणायची, "त्याची कृपा." त्यांना वाटायचं, डॉक्टरांची.

इकडे खंड्याचं मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं.

आधी भूक. पानातला घास काय, पान खायला लागला. एकादशीची अख्खी साबुदाण्याची कढई चाटून पुसून साफ! देवघरातल्या ताम्हनातलं तीर्थ प्यायला. न्हाणीघरातला साबण खाल्ला. मग पाणी पिणं, आणि प्यायलेलं बाहेर काढणं. कुठे म्हणून विचारू नका. यांच्या कचेरीच्या बुटातसुद्धा! हे तसेच पाय घालून उभे राहिले आणि त्याला नको नको ते बोलले.

मग पोट सुटलं. पाय काड्यांसारखे आणि पोट जमिनीला टेकेल असं. दोन्ही कुशीवरचे केस झडले, तेही अगदी मापून सारखे, जणू न्हाव्यानं बसून काढलेत. चार पावलं चालला की जीभ बाहेर काढून धापा टाकायचा.

हिराबाई टोपली घेऊन रस्त्यानं चालली होती, ती थांबलीच.

"कं गो वयनी, यो तुजाच कुत्रा का? पोट बग कसा झालाय! नर हाय म्हनून, नायतर आज मी बाळंतविडा घेऊन आली असती."

"हिराबाई, थट्टा नको गं. मला झोप नाही."

"थट्टा नाय करत. टक्कल काय, पोट काय! तुज्या घोवाचे सायबावानी दिसतंय."

तेवढ्यात हे साहेबांना घेऊनच आत शिरले, चहाला. साहेबांनी खंड्याकडे पाहिलं. खंड्यानं साहेबांकडे. हिराबाईनं टोपली उचलली ती वळून न बघता गेली. मी चहात मीठ घातलं.

पण खरं सांगते, त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं. खंड्या माझ्या पायाशी यायचा, धापा टाकत माझ्याकडे बघायचा. देवानं दारात आणून ठेवलेला जीव, आणि माझ्या घरात वाळत चाललेला! माझं कुठे चुकलं? मी दुप्पट भक्तीनं त्याला घास घालायला लागले. घासात गोळी होतीच.

एकदा आमचे डॉक्टरच ओटीवरून त्याला बघून म्हणाले, "हे काही साधं दिसत नाही. मुंबईला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे शिकवणारे डॉक्टर आहेत." आणि जाता जाता मला म्हणाले, "तुमच्या गोळ्या संपत आल्यात ना? ही घ्या नवी पुडी."

मी घेतली.

विसावा रविवार झाला आणि बुधवारी आम्ही खंड्याला घेऊन मोरा बंदरावरून लाँचमध्ये बसलो. एकच रविवार उरला होता बघा! त्या प्रवासाचं थोडक्यात सांगते. खंड्यानं एका पारशी म्हाताऱ्या गृहस्थांचं सँडविच कागदासकट खाल्लं. ते गृहस्थ इतके सज्जन की त्यांनी दुसरंही दिलं. मग खंड्यानं लाँचभर जे केलं, त्याबद्दल भाऊच्या धक्क्यापर्यंत हे समुद्राची क्षमा मागितल्यासारखे लांब बघत उभे राहिले.

दवाखाना केवढा तो! गाई, घोडे, एका बाईच्या कडेवर माकड. मोठे डॉक्टर सोनेरी चष्म्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी खंड्याचं पोट दाबलं, कातडी चिमटीत धरली, झडलेली कूस बघितली. मग त्यांचे डोळे चमकायला लागले.

"पाणी किती पितो?"

"बादलीभर," हे म्हणाले.

"भूक?"

"साबणसुद्धा सोडत नाही."

डॉक्टर दारापाशी गेले आणि ओरडले, "सगळ्यांना बोलवा! लगेच!"

आणि हो, वीस-पंचवीस शिकणारी मुलं वह्या घेऊन आत! खंड्याभोवती कोंडाळं झालं. पोट तपासणारी रांगच लागली. खंड्याला वाटलं, खायला देणार आहेत. तो प्रत्येकाचा हात चाटत होता.

"नीट बघून घ्या," डॉक्टर म्हणाले. "कुशिंगचा रोग असावा. मी स्वतः पुस्तकात वाचलाय, समोर आज बघतोय. मूत्रपिंडाच्या वर एक लहानशी ग्रंथी असते. तिचा रस प्रमाणाबाहेर वाढला की हे असं होतं. पोट, तहान, भूक, केस. सगळं जिथल्या तिथे! पुढच्या महिन्यात आमची परिषद आहे. तिथे ही केस मी मांडणार."

मला त्यातलं एवढंच कळलं की माझ्या खंड्याला मोठा रोग झालाय आणि त्याचं सगळ्यांना कौतुक वाटतंय.

"बरा होईल ना हो?" मी विचारलं.

"बाई, पोट उघडून ग्रंथी बघावी लागेल. वाढलेली असली तर काढायची. परवाच करू. जगेलच असं मी सांगू शकत नाही."

पोट उघडून! यांनी माझा दंड धरला.

डॉक्टर कागद भरत होते. "एक विचारायचं राहिलं. नुसतं आपलं विचारायचं म्हणून. कुत्र्याला काही औषध चालू होतं?"

"काहीही नाही," हे ठाम.

"हाच रस आता गोळ्यांतून मिळतो. त्या पोटात गेल्या तरी असंच दिसतं. दम्याच्या, संधिवाताच्या गोळ्या. घरात कुणी घेतं का?"

"ही घेते ना! पाच महिने झाले." यांचा आवाज अभिमानानं भरून आला. "काय गुण आलाय म्हणून सांगू! एकही गोळी चुकवली नाही हिनं. पण कुत्र्याला कशा मिळतील? मी समोर बसून विचारतो रोज."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघितलं, हात बघितले. मग खंड्याचं पोट बघितलं. परत माझ्याकडे.

"बाई, पाच महिने त्या गोळ्या घेऊन तुम्ही अशा सडपातळ कशा?"

पंचवीस मुलं माझ्याकडे बघायला लागली.

गोळी... खंड्या... म्हणजे मीच? माझ्या हातांनी? रोज चार घास घालून?

आणि तोंड उघडावं तर एक रविवार शिल्लक! वीस रविवार अनवाणी चाललेली मी. बोलले की नवस गेला, गुडघे पुन्हा भोपळे. न बोलले तर परवा खंड्याचं पोट फाडणार. खंड्या माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. त्याला काय ठाऊक!

मी डोळे मिटले. "देवा, कुत्रं तुझंच. गुडघेही तुझेच. काय ठेवायचं ते तू बघ." आणि बोलून टाकलं.

"गोळ्या मी खाल्ल्याच नाहीत हो. पहिल्या घासात घालून यालाच दिल्या. माझा नवस होता."

मग मागच्या रांगेतून एक फुसकन आवाज आला, आणि पंचवीसच्या पंचवीस मुलं हसायला लागली. एकाची वही पडली. माकडवाली बाई दारात येऊन काय झालं विचारायला लागली.

हे हसले नाहीत. "पण तू रोज सांगायचीस, पोटात गेली म्हणून!"

"गेलीच होती," मी रडत म्हटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भरलेला कागद हळूच टरकावला.

"किती गोळ्या?"

"आधी दोन. मग चार."

"दुप्पट का केल्या?"

"मला गुण येत नव्हता म्हणून."

यावर मात्र डॉक्टर स्वतःच खुर्चीत बसले आणि टेबलावर डोकं टेकवून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "बाई, माझी परिषदेची केस घालवलीत तुम्ही. पण कुत्रा वाचवलात. दोन दिवस गप्प बसला असतात तर मी याचं पोट उघडलं असतं."

मी खंड्याच्या गळ्यात पडले. सगळ्यांसमोर! लाज कधीच गेली होती, आता आणखी कसली जाणार?

"पण ऐका," डॉक्टर म्हणाले, "गोळी एकदम थांबवायची नाही. याचं शरीर स्वतःचं काम विसरलंय. साडेतीन, तीन, अडीच, अशी हळूहळू उतरवायची. नाहीतर दगावेल." त्यांनी कोष्टक लिहिलं आणि ते माझ्या हातात न देता यांच्या हातात दिलं.

परतीच्या लाँचमध्ये हे कोष्टक पुन्हा पुन्हा वाचत बसले. बुचर बेट मागे गेलं तेव्हा कागद खिशात ठेवला. शेवटी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"नवस बोलायचा नसतो ना."

"आणि मी हौसेनं गावभर सांगत फिरलो, बायको औषध वेळेवर घेते म्हणून." थोड्या वेळानं त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बुटांचं मात्र मी खंड्यालाच बोललो. त्याची माफी मागायला हवी."

आमचे डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. अंगणात येणारे गुडघे बंद झाले. मी एकविसावा रविवार केला, देवासमोर नाक घासून सगळी चूक कबूल केली. गुडघे? आजतागायत कुरकुरले नाहीत! डॉक्टर म्हणतात, रोजच्या चालण्याचा व्यायाम झाला. म्हणोत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, आमच्यात आधीच पुष्कळ झालंय. पाडव्यापर्यंत खंड्याचं पोट आत गेलं, कुशीवर नवे केस आले, आणि भाकऱ्या दोनावर आल्या.

झालं, संपलं, असं मला वाटलं होतं.

तीन-चार वर्षांनी गुरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नव्यानं बदलून आले. हिराबाईची शेळी बघायला आले होते, मी ओटीवर बोलावून चहा दिला. खंड्या त्यांच्या पायाशी लोळत होता. म्हणाले, "छान ठेवलाय कुत्रा. वहिनी, एक विचारू? तुमच्या घरात कोणी नवस-बिवस करतं का?"

मी चमकले. "का हो?"

"आमचे सर मुंबईला पहिल्याच दिवशी शिकवतात. जनावराला हात लावायच्या आधी विचारा, घरात गोळ्या कोणाच्या आणि नवस कोणाचा. इकडच्याच कुठल्यातरी बाई होत्या म्हणे. संधिवाताच्या गोळ्या पाच महिने कुत्र्याला चारल्या! कुत्रा फुगून हा एवढा! आमचे सर आयुष्यातलं पहिलं कुशिंगचं निदान म्हणून पेढे वाटायला निघाले होते."

हिराबाईनं शेळी सोडली आणि तोंडात पदर कोंबला.

मी कपात बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "मग... पुढे काय झालं हो?"

"कुत्र्याचं बरोबर निदान झालं, तो बरा झाला," डॉक्टर चहा फुंकत म्हणाले. "सर म्हणतात, बाईंचं निदान अजून व्हायचंय."